खाडा : कामाच्या तळावरील आजारपणाचा इतिहास

१

सहा डिसेंबरच्या आदल्या रात्री सोलापूरकडून दादरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. मी महाविद्यालयात शिकवायला लागल्यापासून दरवर्षी काही विद्यार्थ्यांना घेऊन याच वाटेने चैत्यभूमीला जातो. पहाटे लोणावळा मागे पडते आणि घाट सुरू होतो. बोगदा आला की डब्यात काळोख होतो, पोरे बाबासाहेबांचा जयजयकार करतात, बोगदा संपतो. अशाच एका खेपेला एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हे बोगदे कोणी खोदले?" मी इतिहासाचा शिक्षक. कंपनीचे नाव, इंजिनिअरचे नाव, वर्ष मला पाठ होते. ते मी सांगितले. ती म्हणाली, "तसं नाही. खोदले कोणी?"

या प्रश्नाचे उत्तर खरे तर मला माझ्या घरातच सापडायला हवे होते. माझा बाप सबंध आयुष्यात एकदाही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेला नाही. श्रद्धा नव्हती म्हणून नव्हे. आमच्या कोपीत पाचटाच्या कुडाला सुतळीने बांधलेली बाबासाहेबांची तसबीर असे. कोपी मोडली की माय आधी ती तसबीर काढी आणि मग भांडी बांधी. पण सहा डिसेंबर येतो तो ऊसतोडीच्या ऐन हंगामात. "एक दिस गेलो तर खाडा पडतो," एवढेच तो म्हणायचा.

खाडा म्हणजे हजेरीतला नुसता रिकामा चौकोन नव्हे. ऊसतोडीत गैरहजर दिवसाची मजुरी तर जातेच. शिवाय मुकादम त्या दिवसाचा दंड उचलीच्या हिशेबात चढवतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून एक आजारी पडले की दोघांची कमाई बसते. ताप असो, बाळंतपण असो, पाळीचा त्रास असो, घरात मौत झालेली असो, हिशेबाच्या वहीत या सगळ्यांना एकच नाव आहे : खाडा.

गावापासून शेकडो मैलांवर, कामाच्या तळावर राहणाऱ्या मजुराच्या आरोग्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक डॉक्टरी अंग : औषध नाही, दवाखाना दूर आहे. दुसरे उपदेशाचे : हे लोक अस्वच्छ राहतात, दारू पितात, लहानपणी लग्ने करतात. माझे म्हणणे असे की या दोन्ही बोलण्यांत मूळ प्रश्न सुटतो. आजारी पडण्याच्या दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हा तो मूळ प्रश्न आहे. तो खर्च ज्याच्या अंगावर टाकला जातो, त्याच्याच अंगावर पुढे घाण पाणी, उघड्यावरचे बाळंतपण आणि बेनाव मरण येऊन पडते. घाट, खाण आणि फड या तीन ठिकाणांवरून मला हे दाखवायचे आहे.

२

बोरघाटातील रेल्वेचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी ही चढण आखली होती. लांबी १५ मैल ६८ साखळ्या, चढ १८३१ फूट, बोगदे २५. मे १८६३ मध्ये घाटातून वाहतूक सुरू झाली. (पुढे १९२९ च्या सुमारास मार्ग काही ठिकाणी बदलला, पण घाट तोच.) साखळी ही मोजमापाची जुनी कडी आहे, ८० साखळ्यांचा एक मैल. म्हणजे रुळाची लांबी बावीस-बावीस यार्डांपर्यंत काटेकोर मोजलेली आहे.

आता माणसांचे मोजमाप पाहू. १८६१ च्या आरंभी या घाटात ४२ हजारांहून अधिक मजूर काम करीत होते. देशावरचे आणि कोकणातले भूमिहीन, अस्पृश्य जाती, दगडाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणारे वडार असे हे लोक होते. पुरुष एकटे आलेले नव्हते. बाया आणि पोरे पाट्या वाहत होती. जिथे कड्याला पाऊलवाटही नव्हती तिथे वरून दोर सोडून माणसे खाली उतरवली जात आणि दोराला लोंबकळत ती सुरुंगाची भोके पाडीत. यांतली किती मेली? चोवीस हजार, पंचवीस हजार असे आकडे वारंवार सांगितले जातात. ते अंदाज आहेत. रूळ साखळ्यांनी मोजला आणि मजूर अंदाजाने मोजला, एवढ्या एका गोष्टीत त्या काळाचा सगळा न्याय दिसतो.

माणसे कशाने मेली हे मात्र अंदाजाचे नाही. दरड, सुरुंग आणि कड्यावरून पडणे हे होतेच. पण मोठा घास घेतला तो पटकीने आणि तापाने. याचे कारण समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. पावसाळ्यात घाटात कोसळणाऱ्या पाण्यामुळे काम बंद पडे, म्हणून कामाचा हंगाम दिवाळीपासून मृगापर्यंतचा. म्हणजे ज्या महिन्यांत सह्याद्रीतले ओहोळ एकेक करून आटत जातात, नेमक्या त्याच महिन्यांत तिथे हजारो माणसे आणून बसवायची. उरलेल्या डबक्यावर प्यायचे, तिथेच धुवायचे, तिथेच जवळपास शौचाला बसायचे. एका माणसाला पटकी झाली की सबंध तळाचे पाणी विष होत असे.

लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली पटकी पाण्यातून पसरते हे दाखवून दिले होते. तेव्हाच्या सरकारी वैद्यकाने ते लगेच मानले नाही, हे खरे. परंतु मानले असते तरी घाटातल्या मजुराला स्वच्छ पाणी कोणी दिले असते? पाणी वाहून आणणे म्हणजे खर्च, आणि तो खर्च कोणाच्याच करारात लिहिलेला नव्हता. कंपनीने काम ठेकेदाराला दिले, ठेकेदाराने पोटठेकेदाराला, पोटठेकेदाराने टोळीच्या म्होरक्याला. प्रत्येक पायरीवर नफा वर राहिला आणि जोखीम खाली उतरली. सर्वांत खाली जो उभा होता त्याच्या हाती फक्त पहार होती.

रोग मात्र गोरा-काळा पाहत नाही. पहिल्या ठेकेदाराने, फॅव्हिएल याने, मार्च १८५९ मध्ये काम सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार विलायतेहून आला आणि आल्यावर काही दिवसांतच आजारी पडून मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती कारभार देऊन ठेका पुरा केला. हिमतीची बाई होती, यात शंका नाही. घाटाचा इतिहास लिहिणारे तिचे नाव आदराने घेतात. परंतु त्याच घाटात नवरा मेल्यावर दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाया किती असतील? त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आपल्या लोकांकडे पटकीचे दुसरे एक नाव होते : मरीआई. गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा, शिवेपार नेऊन सोडायचा, आणि तो ओढायचे काम बहुतेक ठिकाणी महारामांगांच्या माथी असायचे. रोग दुसऱ्याच्या शिवेत लोटून द्यावा आणि लोटण्यासाठी अस्पृश्य वापरावा, ही गावाची रीत. कामाच्या तळाने हीच रीत नव्या स्वरूपात चालवली. तळ म्हणजे फिरता महारवाडा. तो गावाबाहेर असतो, पाण्याच्या खालच्या अंगाला असतो, आणि त्यात मेलेल्याचे सुतक गावाला लागत नाही.

३

याच घाटात १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले. पोटठेकेदारांनी पैसे दाबून ठेवले होते. दंगल झाली, चौकशी झाली. त्यानंतर १८६० साली सरकारने मालक आणि कामगार यांच्यातील वादांचा कायदा केला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर मिटवावेत, असा त्याचा हेतू सांगितला गेला. पण कबूल केलेले काम टाकून गेलेल्या मजुराला तुरुंगात घालण्याची सोयही त्याच कायद्यात होती.

त्याच्या आदल्या वर्षी, १८५९ चा तेरावा कायदा झाला होता. आगाऊ रक्कम घेऊन काम पुरे न करणाऱ्या कारागीर-मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून काम करायला लावावे, नाही केले तर कैद द्यावी, असा हा कायदा. तो १९२५ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत पासष्टहून अधिक वर्षे टिकला. आमच्या भाषेत सांगायचे तर हा उचलीचा कायदा. कर्ज बुडवणारा सावकार-व्यापारी दिवाणी कोर्टात जातो. उचल बुडवणारा मजूर मात्र फौजदारी गुन्हेगार ठरला.

आता या दोन कायद्यांशेजारी पटकीचा तळ ठेवून पाहा. साथ आली की माणूस काय करतो? पोरेबाळे घेऊन पळतो. जीव वाचवण्याचा तेवढाच उपाय त्याच्या हाती असतो. आणि कायदा सांगतो की पळणे हा गुन्हा आहे. ज्या सरकारने पाण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही, त्याने मजुराने तळावर थांबण्याची जबाबदारी मात्र मजुरावर पक्की टाकली. आजारपणाचा इतिहास दवाखान्याच्या दप्तरात शोधणाऱ्यांनी तो कायद्याच्या पुस्तकातही शोधला पाहिजे, असे मला वाटते ते यामुळे.

४

या इतिहासाला पहिली खरी कलाटणी देणाऱ्यांत जे नाव घ्यावे लागते ते बाबासाहेबांचे. आपण त्यांना घटनाकार म्हणून, धर्मांतराचे नेते म्हणून ओळखतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात एका वाक्यात उरकतो. ते वाक्य थोडे उलगडले पाहिजे.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब झरियाच्या कोळसाक्षेत्रात गेले. खाणीत उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या. बिहार-बंगालमधल्या या खाणींतला मजूर बहुतांशी संथाळ, भुइया, बावरी अशा आदिवासी आणि अस्पृश्य जमातींतला. तोही गाव सोडून आलेला, तोही धावड्यांत खचाखच भरलेला. मलेरिया, खोकला, अपघात त्याच्याही वाट्याला. जानेवारी १९४४ मध्ये, म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या आत, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आण्यांचा कर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पाणी, स्वच्छता, दवाखाने, शिक्षण चालवायचे. १९४७ साली त्याचा कायदा झाला. पुढे या निधीतून धनबाद येथे आणि आसनसोलजवळ काल्ला येथे मध्यवर्ती रुग्णालये उभी राहिली. खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदा त्यांच्याच काळात सुधारला गेला.

या कामाचे मर्म त्या 'टनामागे' या एका शब्दात आहे. तोवर मजुराचे आरोग्य ही मालकाची दया होती, मिशनऱ्यांची भूतदया होती किंवा मजुराचे नशीब होते. बाबासाहेबांनी ते कोळशाच्या किमतीत घातले. कोळसा जाळणाऱ्या प्रत्येकाने खणणाऱ्याच्या पाण्याचे आणि औषधाचे पैसे मोजावेत, हा त्याचा अर्थ. त्याच मजूर खात्याने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडून कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करवून घेतली. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आजारपणाच्या दिवसाचेही पैसे मिळाले पाहिजेत, हे तत्त्व त्यात मान्य झाले. म्हणजे खाडा हा कामगाराच्या अंगावरून काढून समाजाच्या अंगावर घेतला गेला.

इथे एक गोष्ट लपवता कामा नये. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ साली स्त्रियांच्या भुयारी कामावरील बंदी सरकारने उठवली, आणि मजूरमंत्री म्हणून त्या निर्णयाचे समर्थन विधिमंडळात बाबासाहेबांना करावे लागले. पुरुषाइतकीच मजुरी स्त्रीला मिळेल, हे त्यांनी तिथे आग्रहाने मांडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. व्यक्तिपूजकाला ही गोष्ट अडचणीची वाटेल. मला ती शिकवण्यासारखी वाटते. सत्तेत बसलेल्या आपल्या सर्वांत मोठ्या माणसालाही टन आणि माणूस यांच्यात रोज तोल सांभाळावा लागत होता. जे सत्तेत नाहीत त्यांनी तर एक दिवसही गाफील राहून चालणार नाही.

५

मग प्रश्न येतो, जी गोष्ट १९४४ साली कोळशाला लागू झाली ती साखरेला का झाली नाही?

१९४८ च्या विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर नावानिशी घातलेली होती. दोनच वर्षांनी, १९५० साली, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांचा कारखाना ही मोठी गोष्ट होती. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु सभासद होण्यासाठी ऊस लागतो, उसासाठी जमीन लागते, आणि जमीन कोणाकडे होती हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा लढा याच काळातला. सहकारात जमीनवाला भागधारक झाला आणि तोडणारा मुकादमाचा माणूस राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, उस्मानाबाद, नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून टोळ्यांचे लोंढे वाढले. बोरघाटातली साखळी जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली : कारखाना, वाहतूक ठेकेदार, मुकादम, कोयता. उचलीसह.

माझे बालपण या साखळीच्या शेवटच्या कडीत गेले. आमच्या टोळीत सतरा-अठरा कोयते होते. तळावर आमच्या चार कोप्या नेहमी टोकाला, मळीच्या पाण्याचा ओढा वाहायचा त्या बाजूला. हंगामी मजुरांतही कोणी वरचा, कोणी खालचा हे टायरगाडीत बसण्यापासून ठरलेले. चहूकडे पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस. पण प्यायचे पाणी मळेवाल्याच्या मर्जीचे. विहिरीला आमचा हात लागू नये म्हणून गडी वरून ओतायचा. ओतायला गडी नसला तर पाट. ज्या पाटातून उसाला पाणी जायचे त्यातलेच आम्ही प्यायचो.

माझी धाकटी बहीण फडात जन्मली. माय दुपारपर्यंत मोळ्या वाहत होती. एका म्हातारीने ऊस तोडायच्या कोयत्यानेच, तो चुलीत तापवून, नाळ कापली. तिसऱ्या दिवशी माय पुन्हा वाढे बांधायला बसली, कारण दोन दिवसांचा खाडा आधीच चढला होता. बहीण सव्वा महिना जगली. तिचा जन्म कुठल्या ग्रामपंचायतीत नोंदायचा हे कोणाला कळले नाही, म्हणून मरणही नोंदले गेले नाही. आमच्या गावाच्या दप्तरात ती नाही, त्या गावाच्याही नाही.

पुढे मायला अंगावरून जायला लागले. रात्री-बेरात्री गाडी भरायला उठायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. दुखणे यायचेच होते. हंगाम संपल्यावर तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिला नेले. डॉक्टरने सांगितले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मायचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. मुकादम म्हणाला, "काढून टाक बाई, दर महिन्याचा खाडा तरी वाचंल." ऑपरेशनचे पैसे त्यानेच दिले, पुढच्या हंगामाची उचल म्हणून. म्हणजे माझ्या मायने आपले गर्भाशय देऊन वर कर्ज घेतले. पस्तिशीतच तिची हाडे दुखू लागली, रात्री अंगाची आग होऊ लागली. त्याचे कारण तिला कोणीच सांगितले नव्हते. मी पदवीधर झालो तो त्या उचलीवर.

ही माझ्या एकट्याच्या मायची कथा असती तर इथे लिहिली नसती. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा बायांमागे एक. वर्तमानपत्रांनी तेव्हा लोभी डॉक्टरांवर लिहिले, अडाणी बायांवर लिहिले. डॉक्टर लोभी असतील. पण पोट कापायला ती बाई टेबलावर का चढली? कारण तिच्या शरीराची प्रत्येक मासिक गरज हिशेबात दंड म्हणून लिहिली जात होती. शस्त्र डॉक्टरच्या हातात होते, कापले ते खाड्याने.

६

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले, त्याचे कार्यालय २०२२ साली पुण्यात सुरू झाले, आणि त्यासाठी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यावेत असे ठरले. हा 'टनामागे' शब्द पुन्हा आला याचा मला आनंद आहे. तो ऊसवाल्यांच्या महाराष्ट्रात यायला १९४४ पासून पाऊणशेहून अधिक वर्षे लागली, याची खंतही आहे. परंतु निधी जमा होणे आणि खाडा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे महामंडळात असतील आणि आजारी बाईच्या नावावर दंड चढतच राहील, तर आपण फक्त बोरघाटाच्या शेजारी एक कार्यालय बांधले असे होईल. मागणी एका ओळीची असली पाहिजे : आजारपणाचा, पाळीचा आणि बाळंतपणाचा दिवस भरपगारी धरा, आणि तो पगार उसाच्या टनातून द्या. पाणी, दवाखाना, कोपीवरचे पत्रे हे सगळे त्यामागून येईल. कारण आजाराचा खर्च ज्या दिवशी वरच्याला सोसावा लागेल, त्या दिवसापासून आजार टाळण्यात त्याचा स्वार्थ असेल.

शिक्षक आणि विद्यार्थी म्हणून आपल्याला आणखी एक काम करता येण्यासारखे आहे. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली काही बाके रिकामी होतात. ती पोरे फडात असतात. गेल्या दोन हंगामांपासून जाताना त्यांच्याबरोबर मी एक वही देतो. तळावर कोण आजारी पडले, काय झाले, कुठे नेले, किती खाडा चढला, कोण जन्मले, कोण मेले एवढेच तारखेनिशी लिहायचे. अक्षर कसेही चालेल. एप्रिलमध्ये वह्या परत येतात, काहींना पाचटाचा वास असतो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमानंतर आम्ही त्या एकत्र वाचतो.

बोगदे कोणी खोदले असे विचारणारी विद्यार्थिनीही गेल्या हंगामात अशीच वही घेऊन गेली होती. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने माझ्याकडून विचारून घेऊन माझ्या बहिणीची नोंद केली आहे. नाव ठेवलेले नव्हते, म्हणून फक्त मायचे नाव, फडाचे गाव आणि महिना. त्याखाली एक ओळ मोकळी सोडून तिने आपल्या टोळीची पहिली तारीख टाकली आहे.